मिनाच्या तीन हाका

साखऱ्याच्या शिवाराला लागून जो तांडा आहे, तिथं मिना आडेची हाक डोळे मिटूनही ओळखता येते. ती तीनदा येते. "प्रतू, प्रतू, प्रतू!" मधे श्वास नाही, थांबणं नाही. लेकीला तशी, नवऱ्याला तशी आणि शेळीलासुद्धा तशीच. नव्यानं सून होऊन आलेल्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात. टवाळ पोरं तिला पाहिलं की आपसात "चल, चल, चल" करतात. जुनी माणसं मात्र हसत नाहीत, उलट त्या पोरांच्या पाठीत एक धपाटा घालतात.

या तीन हाकांमागं तांड्याचा एक जुना नेम आहे. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला कुणी नाव घेऊन बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर माणूस समजायचं, कारण भुताला तीनदा हाक मारता येत नाही. हे कुणी तपासून पाहिलं होतं देव जाणे! भूत काय येऊन सांगून गेलं होतं, की बाबांनो, माझा दम दुसरीलाच सरतो? पण नेम तो नेम. मिनाच्या सासूनं, रूपाबाईनं, आपल्या दोन्ही नातींना तो दुधाबरोबर पाजला होता.

दोन नाती होत्या. आता एक आहे.

मिना मूळची पुसेगावकडच्या तांड्यातली. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जायचे आणि लेकरं त्यांच्यामागं, त्यामुळं तिची शाळा चौथीतच सुटली. फडावर कुठली आली पाटी नि कुठलं दप्तर! अक्षरं होती नव्हती तेवढी उसाच्या पाचटात हरवून गेली. सही तेवढी उरली. लग्न होऊन इथं आली तेव्हा नवऱ्याच्या, रूपसिंगच्या, विहिरीला नुकतं पाणी लागलं होतं. दोघांनी कोयता खुंटीला टांगला आणि हळद लावली. मिनाचा हात हळदीवर असा बसला, की शिजवलेली हळद वाळत घालायची तर ती मिनानंच घालावी. जाड नाही, पातळ नाही, एका हाताची. बघणाऱ्याला वाटावं, जमिनीला सारवण घातलंय.

आणि थोरली लेक निलम तर वाचनात वस्ताद निघाली. आता हे तांड्यात सोपं नाही, बरं का. तांड्यात घरोघर गोरमाटी बोलतात, आईला याडी म्हणतात, बापाला बा म्हणतात; मराठी भेटते ती शाळेत गेल्यावरच. (इथलं बोलणं सगळं मराठीत सांगतोय, ते तुमच्या सोयीसाठी.) तरी निलमनं त्या मराठीशी अशी गट्टी केली, की सेनगावच्या स्टँडवर ती पाटी वाचायची आणि मागं आठ-दहा बायका बसमध्ये चढायच्या. मिनाची मान तेव्हा ताठ व्हायची. "माझ्या पोरीनं वाचलंय, बसा बिनघोर," म्हणायची.

मग तो मार्च आला. निलम पाचवीत होती. हळद शिजवून झाली होती, अंगणापुढच्या मोकळ्या जागेत वाळत पडली होती. निलमनं सकाळभर हळदीतला कचरा निवडला, आणि दुपारी शाळेतल्या मॅडमनी दिलेलं गोष्टीचं पुस्तक घेऊन बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसली. पश्चिमेकडून आभाळ कधी काळं झालं कळलंच नाही. वारा सुटला, धुरळा उठला. रूपसिंग ओरडला, "ताडपत्री धर!" वाळत आलेली हळद भिजली की रंग जातो, आणि रंग गेला की वसमतच्या बाजारात व्यापारी ती बोटानंसुद्धा उचलत नाही. मिनानं ताडपत्रीचं टोक धरलं, लिंबाकडं तोंड केलं आणि हाक मारली.

"निले, ये गं!"

एकच हाक. निलमनं मान वर केली नाही. तिनं फक्त एक हात वर केला. उघडा पंजा, पिवळा. धुरळ्यात तेवढाच दिसला. मिनानं तो पाहिला आणि मनात म्हणाली, येईल. आणि ताडपत्रीकडं वळली. टोकावर दगड ठेवून झाला, तेवढ्यात लिंबावर वीज पडली.

हळद भिजली नाही. एक कांडी भिजली नाही.

पुढं सगळा तांडा गोळा झाला, पाहुणे आले, शाळेतल्या मॅडम आल्या, पंचनामा करणारे आले. प्रत्येकानं विचारलं, पोरीला हाक मारली नव्हती का? मिना सांगत राहिली, "मारली. पर तिचं डोकं पुस्तकात. ऐकूच आलं न्हाई तिला. त्या पुस्तकानं बहिरी केली माझ्या लेकराला." लोकांनी मान हलवली, पुस्तकाला शिव्या दिल्या. मॅडम मान खाली घालून रडत निघून गेल्या.

हाताचं मात्र मिनानं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही. कारण हात वर केला म्हणजे पोरीला ऐकू आलं होतं. ऐकू आलं तर ती उठली का नाही? तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली? दुपारची वेळ, आजीनं पाजलेला नेम, आणि आईनं हाक मारली एकच! नाहीतर मग भेदरली होती. पाय गळाले होते, आणि हात वर करून म्हणत होती, याडी, तूच ये, मला घेऊन जा. आणि याडी हळद झाकत होती.

या दोन्हींतलं खरं कुठलं, ते सांगणारी गेली. तेव्हापासून मिनाला तो हात दिसतो. हळदीच्या वाफ्यात वाऱ्यानं एखादं पान उभं राहिलं, की दिसतो. दोरीवरच्या झंपराची बाही फडफडली, की दिसतो. शाळेवरून ती जात नाही, लांबचा वळसा घालून जाते. कारण शाळेत मॅडमनी काही विचारलं की पोरं हात वर करतात, आणि खिडकीतून ते सगळे हात बाहेरून दिसतात.

आणि तेव्हापासून तिची हाक तीनदा येते.

लिंबाचं जळकं खोड रूपसिंगनं कापलं. बुंधा राहिला; त्याला पुढच्याच वर्षी कोंब फुटले. तिथं कुणी बसत नाही, गुरंही बांधत नाही. पुस्तक सापडलं होतं बांधाच्या खाली. पुठ्ठा जळून गेलेला, पानं पावसानं भिजून फुगलेली. मिनानं ते जाळायला चुलीपाशी नेलं, आणि जाळलं नाही. एवढ्या शिव्या दिलेली वस्तू, पण पोरीच्या हातातली शेवटची. तिनं ते रूपाबाईच्या पेटीत, तळाशी, सासूच्या जुन्या फेट्याच्या घडीत घालून ठेवलं. फेट्या म्हणजे आरशांचा, कवड्यांचा तांड्यातल्या बायकांचा भरजरी घागरा. एरवी तो दर होळीला अंगावर यायचा; निलम गेली तसा पेटीतच पडून होता. मॅडमनी पुस्तक परत मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागतील!

धाकटी प्रतिक्षा तेव्हा पाच वर्षांची होती. ती पुढं तिसरीत गेली आणि तिचं वाचन म्हणजे नुसता आनंदीआनंद. "क... म... ळ..." करत ती एका ओळीत घामाघूम व्हायची. शब्द संपेपर्यंत पहिलं अक्षर विसरायची. शाळेतून निरोप आला, पोरीचं वाचन घ्या घरी. रूपसिंग खजील झाला. मिनाला मात्र आतून बरंच वाटलं. येत नाही ना वाचायला? मग नको. शहाणं होऊन जाण्यापेक्षा अडाणी राहून समोर असलेलं काय वाईट? असं आई म्हणून बोलवत नाही, पण मनात येतं ते येतंच.

यंदाच्या होळीला रूपाबाईनं नातीला सांगितलं, "पेटीतून माझा फेट्या काढ गं, ऊन दावू." प्रतिक्षानं फेट्या काढला, आणि घडीतून बिनपुठ्ठ्याचं एक पुस्तक तिच्या पायावर पडलं. पोरगी हुशार, वाचता येत नसलं तरी लपवता येतं. पुस्तक दप्तरात गेलं.

होळीची धुळवड उडाली, लेंगीची गाणी गाऊन गळे बसले, आणि पुन्हा हळदीचे दिवस आले. हळद शिजवायचा कुकर पेटला, वाफा निघाल्या, सगळ्या तांड्याचे हात पिवळे झाले. एके दिवशी दुपारी मिनानं प्रतिक्षाला कोंबड्या हाकायला बसवलं होतं. भाकरी थापून बाहेर आली तर कोंबड्या हळदीवर खुशाल नाचत होत्या. पोरीचा पत्ता नाही.

"प्रतू, प्रतू, प्रतू!"

उत्तर नाही.  मिना घराच्या मागं धावली. जळणाच्या ढिगाआड प्रतिक्षा बसली होती. गुडघे पोटाशी, मान खाली, ओठ हलताहेत, आवाज नाही. मग ती एकटीच हसली. मग एकदम गंभीर झाली, आणि अंगठ्यानं पान उलटलं. मिना जागच्या जागी थिजली. ही अशी निलम बसायची. अगदी अशी. मान तीच, खांदा तोच, आणि पान उलटताना अंगठा जिभेला लावायची खोडही तीच, जी या पोरीनं कधी पाहिलेलीही आठवायची नाही.

"कोन हायेस तू?" मिनाच्या तोंडून निघून गेलं.

प्रतिक्षानं दचकून वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत आई अजून पुरती आलीच नव्हती. "याडी!" ती म्हणाली, "बैल! लाल बैल! त्याला बाजारात इकला, अन् तो दावं तोडून एकटाच घराकडं निघाला. कुनालाच सांगितलं न्हाई त्यानं. तीन गावं झाली. आता लोक त्याला धरायला..."

"ते आदी दे इकडं."

"याडी, मला वाचायला येऊन राहिलं! आदी नुसती अक्षरंच दिसायची. आता अक्षरं दिसतच न्हाईत, बैलच दिसून राहिला. खरंच!"

लेकराला एवढं मोठं काही सापडलं होतं, आणि सांगायला समोर आई होती. कुठलीही आई हरखून गेली असती. मिनानं पुस्तक हिसकावलं आणि पोरीच्या पाठीत दणका घातला. "ह्यानंच खाल्लं तुझ्या ताईला! पुन्हा हात लावशील तर हात तोडून टाकीन!"

प्रतिक्षा रडली नाही. तिनं विचारलं, "ताईनं वाचलं होतं व्हय हे? मग त्याच्यावर पिवळे डाग हायेत ते ताईचे? पानाच्या कोपऱ्यात, अंगठ्याचे?"

 मिनानं पुस्तक ज्वारीच्या कोठीत खुपसलं, वर झाकण टाकलं, झाकणावर पाटा ठेवला. वाटलं, झालं.

कसलं झालं! पाणी एकदा चारीला लागलं की ते वाट शोधतंच. दुसऱ्या दिवसापासून पोरगी मिळेल ते वाचायला लागली. खताच्या पोत्यावरचं वाचलं. बियाण्याच्या पाकिटावरचं वाचलं, आणि बापाला सांगितलं, "बा, ह्याच्यावर 'खाऊ नये' असं लिवलंय." रूपसिंग म्हणाला, "आमी कवा खाल्लं?" तरी त्याला भारी कौतुक. किराणा बांधून आलेल्या कागदावर अर्धीच बातमी होती, तर उरलेली अर्धी कुठं असेल म्हणून ती साखऱ्याच्या दुकानापर्यंत जाऊन आली. आजीच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचताना तर रूपाबाई घाबरूनच गेली. "मिना, ह्या पोरीला कायतरी लागिर झालंय. व्हट हालतात, आवाज न्हाई. एकटीच हासती. कुनाला तरी दावू."

"ती वाचून राहिली," मिना म्हणाली.

"निलम बी वाचायचीच," म्हातारी पुटपुटली.

रूपसिंग एकदा भीतभीत बोलला. "वाचू दे की तिला. पुस्तकानं काय केलं गं? ईज काय पुस्तक बघून पडती व्हय?" मिना त्याच्या अंगावर गेली. "तुमाला काय म्हाईत? तुमी मारली व्हती का हाक? हाक मी मारली व्हती!" रूपसिंगनं टोपी घातली आणि मळ्याकडं चालू लागला. त्याला तरी काय ठाऊक, बायको नेमकं कुणावर ओरडतेय ते.

मिनाला आता घरात वावरताना अंगावर काटा यायचा. पोरगी चुलीपुढं पाठमोरी बसली की निलम वाटायची. तिच्या मागून गेलं की हळदीचा वास यायचा. तांड्यात त्या दिवसांत कुणाला येत नाही तो वास? पण मिनाला तो एकाच पोरीचा वाटायचा. ती प्रतिक्षाला उगाच हात लावून बघायची, ऊन आहे का अंग. आणि ज्वारीच्या कोठीवरचा पाटा रोज थोडा सरकलेला असायचा. कुणी सरकवला हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. मिना तो पुन्हा नीट ठेवायची आणि बोलायची नाही. पोरीला मारायला हात उठत नव्हता, आणि वाच म्हणायला जीभ.

मग तो दिवस आला. तसाच. अशी आभाळं आमच्याकडं दर मार्चला येतात, त्यात नवल नाही. पण मिनानं पश्चिमेला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. हळद वाळत आलेली. रूपसिंग पलीकडून ओरडला, "ताडपत्री धर! लवकर!" शब्दसुद्धा तेच. बिचाऱ्याला भान नव्हतं. मिनानं टोक धरलं. वाऱ्यानं ताडपत्री फुगली, धुरळा उठला.

"प्रतू कुठंय?"

"आसंल घरात!"

मिनानं वळून पाहिलं. घराच्या दारात रूपाबाई एकटीच उभी होती, डोळ्यांवर आडवा हात धरून. मिनानं बांधाकडं पाहिलं. लिंबाच्या बुंध्यावर, जिथं तांड्यातलं कुत्रंही बसत नाही, तिथं प्रतिक्षा बसली होती. घरात वाचलं तर कुणीतरी बघतं. तिथं कुणीच येत नाही, एवढाच हिशोब पोरीचा. गुडघे पोटाशी. मान खाली.

तीनदा हाक मारणारी म्हणून जी बाई तांडाभर प्रसिद्ध, तिच्या घशातून तेव्हा एकच निघाली.

"प्रतू..."

पुढच्या दोन निघेनात.  धुरळा मधे आला, आणि धुरळ्यातून एक हात वर झाला. उघडा पंजा. पिवळा.

मिनाच्या हातून ताडपत्री सुटली. ती उडून विहिरीच्या कठड्याला जाऊन अडकली. रूपसिंग काहीतरी ओरडला. मिनाला ऐकू आलं नाही. ती धावत होती. वाळत घातलेली हळद तुडवत धावत होती, जी हळद ती कुणाला पायानं शिवू देत नसे. पलीकडं पुसेगावच्या बाजूला वीज चमकली. मिना बांधावर चढली, पोरीचं बकोट धरलं, उचललं. आठ वर्षांची धडधाकट पोरगी, पण तिला ती जड लागलीच नाही.

"याडी, आगं थांब, एवढं पान..."

"ऐकू आलं व्हतं तुला?" मिना किंचाळली. "ऐकू आलं तर उठली काहून न्हाईस? तिसऱ्या हाकेची वाट बघून राहिली व्हतीस?"

प्रतिक्षा आईकडं बघत राहिली. "तिसऱ्या कशाला? तूच हायेस ते पहिल्याच हाकेला कळलं की."

"मग हात काहून वर केलास? भ्याली व्हतीस? मला बलवून राहिली व्हतीस?"

"न्हाई गं!" पोरगी वैतागली. मोठ्यांना साधं साधं कळत नाही म्हणून लेकरं वैतागतात तशी. "थांब म्हनलं तुला. एवढं पान व्हऊ दे, येती, म्हनून हात केला."

टपोरे थेंब सुरू झाले होते. मिना पोरीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली, एक क्षणभर. मग पदरात पोरगी नि पोरीच्या पोटाशी पुस्तक, असं घेऊन ती घराकडं पळाली.

गारा पत्र्यावर वाजायला लागल्या तेव्हा त्या आत होत्या. रूपसिंग शेवटी आला, चिंब. एकट्यानं ताडपत्री ओढून निम्मी हळद झाकली होती, निम्मी गेली. तो दारातूनच बोलत आला, "आगं, तुला हात सोडाया काय झालं व्हतं? वरीसभराचा..." आणि बायकोचं तोंड पाहून थांबला.

मिना भिंतीला टेकून बसली होती. पोरीला तिनं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, "निलमनं बी हात केला व्हता."

"काय?"

"त्या दिसी. तिला ऐकू आलं व्हतं. तिनं हात वर केला व्हता. म्या बघितला, अन् म्या हळद झाकली. तुमाला सांगितलं न्हाई. कुनालाच सांगितलं न्हाई. मला वाटलं, ती मला बलवून राहिली व्हती, अन् म्या गेले न्हाई."

पत्र्यावर एवढा आवाज होता, की रूपाबाईला निम्मंच ऐकू आलं. पण सुनेचं तोंड बघून तिनं पदर डोळ्यांना लावला. रूपसिंग ओल्या कपड्यांनिशी खाली बसला.

"ती बलवत नव्हती," मिना म्हणाली. "ती भ्याली बी नव्हती. तिचं पान राह्यलं व्हतं नुसतं."

हे बोलली आणि ती रडली. तेव्हापासून छाती पिटून, लोकांदेखत ती पुष्कळ रडली होती. पण हे रडणं निराळं होतं. यात पोरीनं मागितलेलं काहीच मोठं नव्हतं. जीव वाचव म्हणाली नव्हती, उचलून ने म्हणाली नव्हती. एक पान मागितलं होतं, आणि ते तिला कुणीच देऊ शकलं नव्हतं, आईही नाही, आभाळही नाही. मिनाला हलकं वाटलं आणि त्याच वेळी पुन्हा नव्यानं पोरगी गेल्यासारखं वाटलं.

 रूपसिंगनं बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एवढंच म्हणाला, "हळदीचं बघू."

गारा थांबल्या, नुसता पाऊस उरला. प्रतिक्षा आईच्या मांडीवर हलली नव्हती. एवढं सगळं झालं आपल्यापायी, एवढं तिला कळलं होतं, आणि पुस्तक आता चुलीत जाणार हेही. तिनं ते हळूच झग्याखाली ओढलं.

मिनानं ते पाहिलं. "काढ," ती म्हणाली.

पोरीनं काढलं.

"तुझं पान राह्यलं ना? वाच. मोठ्यानं वाच, आजीला ऐकू गेलं पाह्यजे."

प्रतिक्षानं बापाकडं बघितलं, आजीकडं बघितलं. मग पान शोधलं आणि वाचायला लागली. बैल नदीपर्यंत आला होता. नदीला पूर. पलीकडं घर दिसत होतं, घराचा धूर दिसत होता, आणि बैल काठावर उभा राहून पाण्याचा वास घेत होता. रूपाबाई मधेच म्हणाली, "आपल्या वाडवडलांचे बैल असेच व्हते. पाठीवर माल लादून लदेनीला जायचे अन् हजार कोसावरनं घर ओळखायचे." तिला कुणी गप्प केलं नाही. पोरीचं बोट ओळीवरून चाललं होतं, अडखळत होतं, पुन्हा चालत होतं. मिनाचे डोळे त्या बोटाबरोबर चालले होते. कितीतरी वर्षांनी एक-दोन अक्षरं तिला ओळखीची वाटली.

पान संपलं. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा डाग होता, पावसात भिजून जरा पसरलेला. मिनानं आपलं बोट त्यावर ठेवलं. डाग तिच्या बोटापेक्षा लहान होता.

"ताईचे डाग इथपर्यंतच हायेत," प्रतिक्षा हळूच म्हणाली. "म्या मागंच बघून ठिवलं व्हतं. ह्याच्या फुडं न्हाईत." ती थांबली. "उलटू?"

 बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. मिनानं दाराबाहेर, बांधाकडं पाहिलं. पावसात बुंधा दिसत होता आणि त्याचे कोंब वाऱ्यानं वर उठत होते, पडत होते. तिनं त्यांच्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. मग बोट उचललं.

"उलट," ती म्हणाली.

प्रतिक्षानं अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. पुढचं पान कोपऱ्यात स्वच्छ होतं. तिच्या अंगठ्याचा ओला पिवळा ठसा तिथं उमटला, आणि ती वाचायला तोंड उघडणार, तोच मिनानं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग? उतरला का गं बैल पाण्यात?"